येते म्हणायचं

सकाळी लॉजवरून निघताना मुलीने आचाऱ्याला हात हलवून "जाते हं" म्हटलं आणि आईने तिला तिथल्या तिथे दटावलं. "जाते नाही म्हणायचं. येते म्हणायचं." लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली ही एकुलती एक. येत्या गुरुवारी सात वर्षांची होणार होती, आणि आईचा जीव तिच्या बाबतीत सदा टांगणीला. बाप घड्याळजी, थट्टेखोर. "वाळूच बघायची तर शेजारी बांधकाम चाललंय की," असं म्हणत म्हणतच त्याने वाढदिवसाची सहल म्हणून गाडी वाळवंटात घातली होती.

भर दुपारी इंजिन तापलं. रस्त्याकडेला एकच घर होतं, मागच्या बाजूने खिडक्यांपर्यंत वाळूत बुडालेलं. बाप हातात फडकं घेऊन इंजिनाशी झटू लागला. पोरीला ऊन लागू नये म्हणून आई तिला घेऊन आत शिरली.

आत गार होतं. ओल्या मातीचा वास येत होता. या मुलखात ओल कुठून आली, हा प्रश्न तेव्हा आईला पडलाच नाही. कोपऱ्यात एक म्हातारी पाय पसरून बसली होती.

"बसा," ती म्हणाली. मग बराच वेळ मुलीकडे बघत राहिली. "एकुलती?"

"हो. फार उशिरा झाली."

"माझीही... पाणी आणायला जाते म्हणाली. जाते म्हणाली, आणि गेली."

बाहेर हॉर्न वाजला तशी आई उठली आणि सवयीने म्हणाली, "येतो हं, आजी."

"कधी?"

आईला हसू आलं. असं कुणी विचारतं का! "येऊ की, कधीतरी."

"हिला घेऊन?"

"हो, हिला घेऊन."

गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "एकटीच काय बडबडत होतीस? मी फडकं उंबऱ्यावर ठेवून आत डोकावलो. तुम्ही दोघीच होतात."

"पुरे झाली थट्टा. आणि फडकं कुठंय?"

"राहिलं वाटतं तिथेच."

रस्ता सरळसोट, एकही वळण नाही. एकवीस किलोमीटर गेल्यावर रस्त्याकडेला एक घर आलं. उंबऱ्यावर तेलकट फडकं पडलं होतं.

नवऱ्याने वेग वाढवला. सूर्य डोक्यावरून हललाच नव्हता. मीटर पुन्हा एकवीस किलोमीटर पुढे सरकला, आणि पुन्हा तेच घर, तेच फडकं. गाडी आपोआप बंद पडली.

"आलात...?" आतून आवाज आला.

"आई, आजी बोलावतेय," म्हणत मुलीने गाडीच्या दाराची कडी ओढली. आईने तिचं मनगट घट्ट धरलं. आता तिला उमगलं. आपण सहज बोललो, आणि म्हातारीने तो शब्द धरून ठेवला. जन्मात कुणाच्या दारातून निघताना तिने तसं म्हटलं नव्हतं. आता तिने ते म्हटलं.

"आजी... आम्ही जातो. येत नाही. जातो."

घरात कुठेतरी वाळू घसरल्याचा आवाज झाला. नवऱ्याने किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. बावीस किलोमीटर झाले, तेवीस झाले. समोर पेट्रोल पंप दिसला तेव्हा मुलीला छातीशी धरून आई हमसून हमसून रडली.

"रडू नको ना," मुलगी म्हणाली. "तू चुकून जातो म्हणालीस ना, ते मी नीट केलं. खिडकीतून आजीला हळूच सांगितलं, येते म्हणून."

"मग... ती काय म्हणाली?"

"कधी, म्हणाली. मी सांगितलं, सात वर्षांची झाले की."

आईने तिचा हात हातात घेतला. तो मनगटापर्यंत ओला होता, आणि त्याला मातीचा वास येत होता.