शिदोरीच्या यादीत राहिलेलं नाव

नेवगीसरांचा श्वास आज हेमांगीच्या हातात होता, आणि तिला ते मुळीच आवडलेलं नव्हतं. ज्यांनी आपल्याला हे काम शिकवलं, त्यांच्यावरच ते करायचं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं.

बारा वर्षांपूर्वी अपघातात सरांच्या मानेतल्या नसा तुटल्या. तेव्हापासून छातीवरच्या डबीतला श्वाससेतू मेंदूचा निरोप पकडून श्वासपटलाला पोचवायचा. त्याची आज्ञावली 'सरणी' या संगणकभाषेच्या तिसऱ्या आवृत्तीत होती. भाषा सरांनीच घडवलेली. आता सातवी आवृत्ती चालू होती आणि डबीतली जुनी चिप शेवटच्या घटका मोजत होती.

प्रयोगशाळेचा रिवाजही सरांचाच. प्रत्येक आज्ञावली बंद कप्प्यात ठेवायची. आत तिची स्वतःची आवृत्ती, तिचीच अवजारं, शेजाऱ्याकडून उसनं काही नाही. "आपापली शिदोरी आपापल्या फडक्यात," सर म्हणायचे. कप्पा जोडण्याआधी शिदोरीची यादी फळ्यावर लिहायची आणि दुसऱ्याने ती मोठ्याने वाचायची.

"भाषा सातवी, घड्याळ, संवेदक, नवी चिप," डॉक्टर पठाऱ्यांनी वाचलं. "चाळीस दिवस तालमीच्या कप्प्यात बिनचूक चाललंय. करा सुरू."

हेमांगीने कळ दाबली. तीन श्वास नीट गेले. चौथ्याला सरांची छाती मध्येच आचके देऊ लागली आणि डोळे मोठे झाले.

पठाऱ्यांनी सेतू बंद करून तोंडावर श्वासाचा हातपंप लावला. "दहा मिनिटं. त्यापुढे ही फुप्फुसं पंप सोसणार नाहीत. जुनी चिप लावा परत."

"काढताना ती गेलीच, डॉक्टर." हेमांगी पडद्याकडे वळली. त्यावर निरोपांच्या रेघा सरळ दिसत होत्या, एकही चुकलेली नव्हती. तेच तर विचित्र होतं. निरोप अगदी वेळेवर पोचत होते.

वेळेवर. ती थबकली.

"तिसऱ्या आवृत्तीत एक दोष होता. वेळ मोजताना ती अपूर्णांक पुढच्या पूर्ण आकड्यावर ओढायची, त्यामुळे निरोप जरासा उशिरा पोचायचा. चौथीत सरांनीच तो काढला."

"मग चांगलंच झालं की."

"यंत्राचं झालं. सरांच्या मेंदूने बारा वर्षं तो उशीर गृहीत धरलाय. तो निरोप आधीच धाडतो. आता एक श्वास सुटायच्या आत दुसरा ओढला जातोय."

"आणि तुमची ती चाळीस दिवसांची तालीम?"

"ती मेंदूच्या जुन्या नोंदीवर केली. नोंदीला धाप लागत नाही." तिला स्वतःची लाज वाटली.

"तेवढा उशीर सातवीत घालता येईल?"

"प्रत्येक श्वासाला तो वेगळा असतो. अख्खी तिसरीच हवी, दोषासकट."

बाद आवृत्ती जिवंत माणसाला नव्याने जोडायला मनाई होती. पण जुना कप्पा पुसायचा नाही, हा सरांचा हट्ट; प्रयोगशाळेतली पोरं त्या साठ्याला सरांची अडगळ म्हणायची. तिसरीचा कप्पा त्या अडगळीत जसाच्या तसा होता, जुन्या चिपचं सोंग घेणाऱ्या अवजारासकट. तो नव्या चिपवर उतरायला सहा मिनिटं लागली. पठारे पंप दाबत राहिले, तोंडाने आकडे मोजत.

"आठ झाली, हेमांगी."

"जोडते."

पहिला श्वास अडखळला. दुसरा थोडा लांबला. तिसऱ्याला छाती सावकाश वर आली आणि तशीच सावकाश खाली गेली. पठाऱ्यांनी पंप बाजूला ठेवला. हेमांगी मटकन स्टुलावर बसली आणि तिला रडूच आलं.

श्वास लयीत आल्यावर सर बोलले. "तो दोष काढला तेव्हा... पेढे वाटले होते मी." मग म्हणाले, "फळा इकडे कर. यादीत काय राहिलं?"

हेमांगीने सातवी पुसून तिसरी केली, चिपपुढे 'सोंग' लिहिलं. मग उमगून शेवटी एक ओळ वाढवली: 'नेवगी, आवृत्ती तिसरी.'

सरांनी ती डोळ्यांनी वाचली.

"खाली लिही," ते म्हणाले. "दुरुस्त करू नये."