टाकीपलीकडची खोली

बीडीडी चाळीतली खोली सोडून टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर आल्यापासून राजरत्नच्या घरात सगळ्यांची प्रगती झाली होती. फक्त त्याची आई, बकुळाबाई, जेवत नव्हती. "दार लावून जेवायचं म्हणजे चोरून खाल्ल्यासारखं वाटतं," असं तिचं म्हणणं. चाळीत दार दिवसभर उघडं आणि पॅसेजमधून जाणारा प्रत्येकजण कालवणात डोकावणार. इथे समोरच्या फ्लॅटमधली माणसं अजून फक्त चपलांवरून ओळखीची होती. आईचे ब्लाऊज ढगळ व्हायला लागले तसा राजरत्न हबकला. डॉक्टर म्हणाले, "त्यांचं मन रमवा."

म्हणून त्याने हॉलमधल्या माशांच्या टाकीचा दिवा बदलायला घेतला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला माणूस दुसरं काय करणार? झाकणातली जुनी ट्यूब चोकसकट काढली, आतून एलईडीची पट्टी चिकटवली, वाफ शिरू नये म्हणून सिलिकॉन भरलं.

"हॉलचा पंखा महिनाभर कुरकुरतोय," त्याची बायको प्रिती म्हणाली, "पण चालू दे तुझं. माशांची गैरसोय नको."

संध्याकाळी बटण दाबलं. गोल्डफिश हळदीला निघाल्यासारखे झळकले. आई जवळ येऊन वाकली.

"अगं बया! आपली खोली!"

टाकीच्या मागच्या काचेत हॉलचं प्रतिबिंब पडायला हवं होतं. तिथे हिरव्या भिंती होत्या. कोपऱ्यात मोरी, फळीवर पितळी डबे, दार सताड उघडं. राजरत्नने मागे वळून पाहिलं. क्रीम टाइल्स, सोफा, बंद दार. पुन्हा काचेत पाहिलं. पॅसेजमधून कुणीतरी बादली घेऊन गेलं.

"रिफ्रॅक्शन आहे," तो म्हणाला. डिप्लोमाला ते होतं.

आईने स्टूल ओढलं, टाकीसमोर बसून ताट मागवलं आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.

त्यानंतरचे दिवस मोठे मजेत गेले. आई काचेशी गप्पा मारत जेवायची. मध्येच खुसखुसायची. "गंगुबाई विचारतेय, राजाचं पोट का सुटलं म्हणून."

गंगुबाई म्हणजे चाळीतली शेजारीण. नव्या घराच्या चाव्या मिळायच्या आधीच ती वारली होती.

"आई जेवतायत ना?" प्रिती हळूच म्हणाली. "मग विचारू दे की. आणि पोट सुटलंय, हे खरंच आहे."

एके दिवशी आईच्या ताटात सुकटीची चटणी दिसली. प्रितीने ती केली नव्हती. राजरत्नने तर नव्हतीच नव्हती. चटणी फर्मास होती. तिघांनी ताट पुसून खाल्ली आणि कुणी काही विचारलं नाही.

तरी रविवारी राजरत्नमधल्या डिप्लोमाने उचल खाल्ली. त्याने जुनी ट्यूब परत बसवून पाहिली. काचेत सोफा, टाइल्स, बंद दार. सगळं शास्त्राला धरून. आईने ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. राजरत्नने निमूटपणे एलईडी परत लावली.

त्या रात्री तिने भात दोनदा घेतला.

मंगळवारी जेवणाच्या वेळी तो आतून आमटी घेऊन आला, तर स्टूल रिकामं.

"आई कुठायत रे?" प्रितीने विचारलं.

बाथरूममध्ये नव्हती. बाल्कनीत नव्हती. घराच्या दाराला आतून लॅच होतं आणि तिच्या चपला जागेवर.

ताटही दिसेना.

राजरत्न टाकीपाशी वाकला.

आई उंबऱ्यात मांडी घालून बसली होती. शेजारी गंगुबाई. दोघींच्या मध्ये ताट. आई घास घेत होती, हसत होती, गालांवर पूर्वीसारखी गोलाई आली होती.

"आई," तो काचेला म्हणाला. "ये ना परत. आमटी गरम आहे."

आईने मान वर केली. पोट भरल्याची खूण केली. मग हात हलवून सांगितलं, दिवा घालव आता, उगाच जाळू नकोस.

त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

आई उठली. तिने मोरीवर ताट विसळलं आणि दार आतून ओढून घेतलं.

कडी लागल्याचा आवाज मात्र हॉलमध्ये आला.