दारावरचे हिरवे पंजे

सकाळी सातला पॉलीहाऊसचं दार बाहेरून उघडलं, तशी दाराला टेकलेली बाई बाहेर कलंडली. थंडगार.

दाराच्या आतल्या पांढऱ्या प्लास्टिकवर पंजे उमटले होते. काळपट हिरवे. वर, खाली, कडीपाशी, एकावर एक. पाचही बोटं मोजून घ्यावीत इतके साफ.

दहा वाजता कामगार खात्याची तपासनीस पोचली. तोवर मुकादमानं सगळं ठरवून टाकलं होतं.

"चोरी, मॅडम. काल पाचला सुट्टी झाली, ही कार्ड मारून गेली. मागनं परत घुसली टोमॅटो न्यायला. सातला काकानं कीड मारायचा धूर सोडला, दाराला कुलूप लावलं. आता तिलाच हौस, त्याला कोण काय करणार?"

"चोर म्हणतोस?" मेलेल्या बाईची नणंद धावून आली. ती पॅकिंगला होती. सगळे तिला मिरची म्हणायचे, उगीच नाही. "माझ्या वहिनीला चोर म्हणतोस? तिची पोर शाळेत जाते रे! उद्या तिला चोराची पोर म्हणतील!"

"मग सांग, वहिनी कुठं होती सात वाजता?"

"कामावर! रोजच्यासारखी!"

तपासनीस बाईनं शेजारच्या पॉलीहाऊसात सकाळपासून तोडणीला लावलेल्या बायांना बोलावून ओळीनं विचारलं. काल किती वाजता सुटलात? पाच. पाच. पाचच. मान खाली, हात पदराआड. सगळ्याजणींची घड्याळं जणू एकाच आईची लेकरं. मिरची थुंकली. "भ्याड कुठल्या!"

धूर सोडणारा म्हातारा काका पॅकिंगच्या बाकावर बसला होता, शेजारी पोलीस शिपाई.

"आत बघितलं होतं का, काका?"

"कार्डांचा फळा बघितला. आत असेल तो डावीकडं, गेला तो उजवीकडं. सगळी कार्डं उजवीकडं होती. मुकादम म्हणाले, सगळे गेले, सोड धूर. मी सोडला." तो रडायला लागला. "बाई, पंख्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही हो."

तपासनीस आत गेली. शेवटच्या ओळीत सहा क्रेट भरलेले. देठासकट, आकार बघून लावलेले. चोर एवढा जीव लावून क्रेट भरतो? तिनं एक पान बाजूला सारलं. बोट लगेच हिरवट झालं. रुमालानं पुसलं, रुमाल हिरवा झाला. बोट तसंच.

"हे निघतं कशानं?"

"कच्चा टोमॅटो चोळायचा," मिरची म्हणाली. "फाटकाबाहेर नळ आहे, तिथं अर्धे कापून ठेवलेले असतात. साबणाच्या बापानंही निघत नाही."

"फाटकाबाहेर. आणि पंचिंग मशीन?"

"आत. आधी कार्ड, मग नळ."

तपासनीस बाहेर आली. मग म्हणाली, "फळा उतरवून आणा. मशीनची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे," मुकादम म्हणाला.

फळा टेबलावर आला. सगळे भोवती जमले.

"हे या मेलेल्या बाईचं कार्ड. महिनाभराचं. रोज संध्याकाळी पाच वाजून दोन मिनिटं. बघा नीट."

"बघितलं. सांगतोय ना मी पाचला गेली!"

"दारावर तिचे पंजे आहेत. तिनं हात लावला तिथं डाग पडला. मग हे कार्ड एवढं कोरं कसं?"

मुकादम हसला. "हात धुऊन मारत असेल."

"नळ फाटकाबाहेर आहे."

हसू गेलं.

तिनं एकेक कार्ड उलटं करून मांडलं. चाळीस. सगळी स्वच्छ, जशी छापखान्यातून आली तशी. "दिवसभर झाडं हाताळून या चाळीस जणींपैकी एकीनंही संध्याकाळी कार्डाला हात लावलेला नाही. मशीन एकच, आणि चाळीस शिक्के तीन मिनिटांत. हे एकाच माणसाचं काम. ज्याच्या हाताला पान लागत नाही."

सगळ्यांनी मुकादमाच्या हातांकडं बघितलं. गोरेगोमटे, नखं कापलेली.

"आठ तासांपुढं काम घ्यायचं तर विचारून घ्यावं लागतं, दुप्पट मजुरी द्यावी लागते, नोंद ठेवावी लागते. म्हणून पाचलाच सगळ्यांना तुम्ही कागदावर घरी पाठवता. आणि राबवता सातपर्यंत. ही बाई शेवटच्या ओळीत होती, तिला सुट्टीची शिट्टी ऐकू गेली नसणार. काकाला तुम्ही 'सगळे गेले' म्हणालात. खात्री कशावरून केलीत?"

"फळ्यावरनं..."

म्हणाला आणि त्याची नजर टेबलावरच्या कार्डांकडं गेली.

"तुमच्याच फळ्यावरनं," तपासनीस म्हणाली. "रोज खोटी कार्डं मारून मारून ती खोटी आहेत हेच तुम्ही विसरलात."

मग मागच्या एका बाईनं पदराआडचे हात बाहेर काढून टेबलावर ठेवले. काळपट, हिरवे. "सात," ती म्हणाली. "मी सातला सुटले."

दुसरी आली. "सात."

शिपाई काकाच्या बाकावरून उठला आणि मुकादमापाशी जाऊन उभा राहिला.

"वहिनीच्या हातांचे फोटो झाले?" मिरचीनं विचारलं.

"झाले."

"मग आता धुवू?"

ती नळावरून अर्धा टोमॅटो घेऊन आली, वहिनीपाशी मांडी घालून बसली, आणि एकेक बोट चोळायला लागली.