असा दिसतो का मी?

आधीच सांगून टाकतो, यातलं काहीही रचलेलं नाही. विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू. ज्यांनी ठेवायला हवा होता त्यांनी तरी कुठे ठेवला?

आणि भूत म्हणजे रात्र, काळोख, कुत्र्यांचं रडणं असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. हे घडलं भर दुपारी, माझ्या मावशीच्या खोलीत. खाली फ्रेमवाल्याचं दुकान, वर तिची भाड्याची खोली आणि डोक्यावर गरम हवा फेकणारा पंखा.

मावशी चित्रकार. माणसांचे चेहरे काढायची, पण तिची रीतच वेगळी. फोटोला हात लावायची नाही. ज्याला कुणी छळलंय त्याला समोर स्टुलावर बसवायची आणि म्हणायची, "बोला." ते माणूस बोलत जायचं आणि मावशी छळणाऱ्याचा चेहरा रंगवत जायची. कुणाचा नवरा, कुणाचे मास्तर, कुणाचा सख्खा काका. "हाच तो!" म्हणून बायका ढसाढसा रडायच्या आणि हलक्या होऊन घरी जायच्या.

प्रदर्शनासाठी सगळ्यांचे काढून झाले. एकच राहिला होता.

तिच्या बापाचा. म्हणजे माझ्या आजोबांचा.

मावशीच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नसत. नऊ वर्षांची असताना तिने आजोबांचं चित्र काढलं होतं. रागावलेल्या आजोबांचं. त्यांनी ते शांतपणे पाहिलं. घसा खाकरून विचारलं, "असा दिसतो का मी?"

मग तिचा हात दाराच्या फटीत धरला... आणि दार लावलं.

माझी आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, तिथेच उभी होती. पण घरात ठरलं ते असं : पोरगी जिन्यावरून पडली. डॉक्टरांना तेच, शाळेत तेच. आजी मरेपर्यंत तेच घोकत राहिली. आईसुद्धा. आजोबा गेले तेव्हा "किती मायाळू माणूस!" म्हणून लोक हळहळले. मला तर ते खांद्यावर बसवून फिरवायचे. मावशी लिहायला, केस विंचरायला, रंगवायला डाव्या हाताने शिकली. पुरावा म्हणून तिच्याकडे ती दोन बोटं तेवढी होती.

"बाबांना प्रदर्शनात टांगणार तू?" आईने फोनवर विचारलं. "गेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढतेस?"

"मग तूच येऊन सांग ना, काय झालं होतं ते."

आईने विषय बदलला. त्यात ती पटाईत.

सांगायला दुसरं कुणीच नाही, म्हणून मावशीने स्वतःच सगळं मोबाइलमध्ये बोलून ठेवलं. ते ऐकत रंगवायला बसली. संध्याकाळपर्यंत चेहरा कॅनव्हासवर उतरला. आवळलेला जबडा, बारीक झालेले डोळे. तोच!

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चित्रावरचं कापड काढलं...

जबडा सैल झाला होता.

रंग ओघळला असेल म्हणून तिने खरवडून पुन्हा काढला. पुढच्या दुपारी डोळे निवळलेले. त्याच्या पुढच्या दुपारी ओठांच्या कोपऱ्यात हसू.

फ्रेमवाला माप घ्यायला वर आला. "वडील का, ताई? बघताक्षणी कळतं. देवमाणूस!"

मावशीचं डोकं फिरलं. "एवढा आवडला असेल तर घेऊन जा घरी!"

तो बिचारा टेप गुंडाळत खाली पळाला.

खोलीची किल्ली तिच्या एकटीकडेच. मग हे करतंय कोण? ती चित्राला नाक लावून बघू लागली. तिचे फटकारे नेहमी एका बाजूला कलायचे, डावखुऱ्या माणसाचे कलतात तसे. या नव्या रंगातले फटकारे उलट्या बाजूला कललेले होते...

उजव्या हाताचे.

तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

नखांत ओला रंग होता. आजोबांच्या गालाचा.

दुसरं कुणी असतं तर जिना उतरून पळालं असतं. मावशी हट्टी. तिने मोबाइल लावला. तिचाच आवाज. "मी नऊ वर्षांची होते. मी बाबांचं चित्र काढलं..."

कुणीतरी घसा खाकरला.

मोबाइलमध्ये नाही... तिच्या मागे.

मागे कुणी नव्हतं. खालच्या दुकानातली ठोकाठोक थांबली होती. पंखा फिरत होता, पण त्याची घरघर नव्हती. मोबाइलमधला तिचा आवाज तेवढा पुढे बोलत राहिला.

"...आणि मग मी जिन्यावरून पडले."

हे ती बोललीच नव्हती!

"खोटं!" मावशी किंचाळली. "दारात! दारात चेचलात तुम्ही माझा हात!"

कानाशी आवाज आला. अगदी शांत.

"असा दिसतो का मी?"

आणि तिची ती दोन बोटं... वाकली. इतकी वर्षं काठीसारखी ताठ असलेली बोटं, कुणीतरी हलक्या हाताने मिटावीत तशी एकेक करून मिटली. जरासुद्धा दुखलं नाही.

तिने लगेच आईला फोन करून सगळं सांगितलं. "त्यांनी बोटं बरी केली गं," ती हुंदके देत म्हणाली. "आता माझ्याकडे काही उरलं नाही."

त्या रडण्याने आई मुळापासून हलली. सकाळीच मला फोन करून म्हणाली, "चल. बास झालं. आज मी सांगते." रस्ताभर ती स्वतःशीच पुटपुटत होती.

मावशीने दार उघडलं. हसतमुख. उजव्या हातात ब्रश. मागे चित्रात आजोबाही हसत होते.

आईने दारातच तिचे हात धरले. "ताई, मी बघितलं होतं. बाबांनी तुझा हात फटीत धरला. तू ओरडत होतीस, तरी पुन्हा दार लावलं. मी भ्याले गं. जन्मभर खोटं बोलले."

मावशी बघतच राहिली. मग लहान मुलीची समजूत काढावी तसा तिने आईच्या गालावरून हात फिरवला.

"वेडी का तू? बाबा असं करतील? अगं, जिन्यावरून पडले होते मी. तूच तर सांगायचीस!"

प्रदर्शन झालं. लोकांना आजोबांचं चित्र सगळ्यात जास्त आवडलं. आई गेली नाही.

आता आई रोज संध्याकाळी मला फोन करते आणि तेवढंच सांगते. दार. दोन बोटं. मी बघितलं. मी नुसता "हो" म्हणतो. हे इथे लिहितोय तेही त्यासाठीच. जितक्या जणांना ठाऊक असेल तितकं बरं, असं मला वाटतं. खरं म्हणजे मला भीती वाटते.

काल ती सांगता सांगता मध्येच थांबली.

"दार, आई," मी म्हटलं. "दार लावलं होतं."

"कुणी?" तिने विचारलं.