सोमवारच्या सहा

मावशींच्या दारावर तेव्हा एक पाटी होती. ‘खाजगी तपास. वेळ दहा ते पाच. हरवलेली मांजरं स्वीकारली जात नाहीत.’ बाईमाणसाने असली पाटी लावायची ते दिवस नव्हते. लोक पाटी वाचून हसायचे आणि अडचण आली की मुकाट्याने आत यायचे.

त्या मंगळवारी सकाळी मावशी मोजा विणत होत्या. समोरच्या घरातले दातांचे डॉक्टर दवाखाना बंद केल्यापासून रोज त्यांच्याकडे पेपर वाचायला येत आणि तपास निघाला की बरोबर जात. आत्ता ते सफरचंद कापत होते. तेवढ्यात एक उंच, वाकलेले गृहस्थ आत आले. कोट इस्त्रीचा, ओठांच्या कडा जांभळ्या.

“वाइनच्या पेढीवर चाखणारा आहे मी,” ते म्हणाले. “सगळे चाखेकाका म्हणतात. बाई, माझी जीभ बिघडली की वाइन बिघडली, एवढं मला आज संध्याकाळी सहाच्या आत कळायला हवं.”

“सहाच का?” मावशींनी विचारलं.

“सहाला मालकीणबाईंनी तळघराच्या किल्ल्या मागितल्यात. जीभ गेली असेल तर मी आपणहून देईन. कुरकूर करणार नाही.”

डॉक्टरांनी अर्धं सफरचंद ताटलीत ठेवलं, दुसरं अर्धं खायला घेतलं आणि हकिगत सुरू झाली.

पेढीवर या वसंतात फ्रान्समधल्या बोर्दोची तांबडी वाइन आली होती. अगदी तरुण, दोन वर्षांची. असली वाइन लगेच प्यायची नसते. तोंडात घेतली की जीभ, हिरड्या, गाल सगळं आवळून येतं, इतकी तुरट. तो तुरटपणाच तिला वर्षानुवर्षं धरून ठेवतो. बाटल्या थंड अंधारात आडव्या निजवायच्या, बूच ओलं राहू द्यायचं आणि वाट बघायची. किती वर्षं, ते चाखेकाका सांगत. तीस वर्षं त्यांच्या शब्दावर पेढीचं तळघर भरत होतं.

“मागच्या सोमवारी मी सहा वाइन चाखल्या,” काका म्हणाले. “त्यांतली ही एक, नमुन्याची बाटली. नोंद केली, बारा वर्षं झोपवा. रंग शाईसारखा, वास काळ्या मनुकांचा आणि नुकत्या तासलेल्या पेन्सिलीचा. काल दुपारी एका हॉटेलवाल्या पाहुण्यासमोर तीच पुन्हा चाखली. बाई, ती म्हातारी झाली होती. तुरटपणा गळालेला. वास कापून ठेवलेल्या फळासारखा. जे लागलं ते बोललो, ही थकलीय, याच वर्षी विकून टाका. मग मालकीणबाईंनी माझीच नोंद मोठ्याने वाचली. पाहुणा खोकला. मालकीणबाई मला हळूच म्हणाल्या, ‘काका, आता विश्रांती घ्या.’ रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.”

“बाटली बदलली असेल,” डॉक्टर म्हणाले.

“सील माझ्यासमोर फाडलं. बुचावर वर्षाचा छाप होता. दोन बाटल्या उघडल्या, दोन्ही तशाच.”

मावशी उठून आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने कोऱ्या चहाचे तीन कप घेऊन आल्या. “हे जरा चाखून बघा. डॉक्टर, तुम्हीपण.”

डॉक्टरांनी तिन्ही कपांतून घोट घेतला. “चहा आहे,” ते म्हणाले.

काकांनी एकेक घोट तोंडात घोळवला. “हा दोन मिनिटं मुरलाय. हा पाच. आणि तिसरा, राग मानू नका, सकाळच्या चोथ्यावरच पुन्हा पाणी ओतलंय.”

“जीभ शाबूत आहे,” मावशी म्हणाल्या. “चला, आता वाइनकडे बघू. डॉक्टर, ते सफरचंद टाकून द्या, तांबूस पडलं बघा.”

पेढीच्या दुकानामागे चाखायची खोली होती. पांढरं टेबल, उत्तरेची खिडकी, थुंकायला पितळी बादली. कालच्या चार न उघडलेल्या बाटल्या टेबलावरच होत्या.

“सहाच का आणल्या होत्या?” मावशींनी विचारलं.

“चाखण्यासाठी एकच पेटी मोकळी करतो आम्ही,” मालकीणबाई म्हणाल्या. गोऱ्या, ठेंगण्या, आवाज मऊ. “बाकी पन्नास पेट्यांना खिळे आणि माझी लाखेची मोहर. मोहर तुटली की मी कारण विचारते. बाई, काकांना दुखवायची मला हौस नाही. पण पन्नास पेट्या बारा वर्षं अडकवून ठेवायच्या त्या एका माणसाच्या जिभेवर. ती जीभ चळली तर?”

बाटल्या उघडल्या होत्या मालकीणबाईंच्या जावईबापूंनी. त्यांना बोलतं करायची गरजच नव्हती.

“माझ्यावर संशय येणार, मला माहीत आहे,” ते खुशीत म्हणाले. “मी सासूबाईंना पहिल्यापासून सांगतोय, झोपवून कशाला ठेवता, विकून मोकळे व्हा. काकांनी काल माझ्या मनातलं सांगितलं. पण शनिवार-रविवार मी बायकोला घेऊन तिच्या आत्याकडे गेलो होतो. सोमवारी दुपारी आलो तो थेट टेबलापाशी. आणि खरं सांगू? मला सगळ्याच सारख्या तुरट लागतात.”

“उघडताना त्रास झाला?”

“मला? छे. सगळे म्हणतात नव्या बाटलीचं बूच घट्ट असतं. माझ्या हातात लोण्यातून निघावं तसं आलं. हाताला सवय लागतेय.”

“बुचं कुठायत?”

“केरात टाकली. सकाळी केर गेला.”

मालकीणबाईंची सूनबाई या घरात येऊन दोन महिने झाले होते. दुकानालगतच्या खोलीत ती मोठी वही सांभाळत असे. मावशी आत आल्यावर ती घाईने उठली.

“काकांचं अक्षर कुणाला लागत नाही ना, म्हणून त्यांच्या नोंदी या वहीत मी उतरवते,” ती म्हणाली. “पूर्वी ते स्वतःच करायचे. आता दर शनिवारी माझ्या टेबलावर चिठ्ठी असते, कुठल्या नोंदी घ्यायच्या त्याची. या शनिवारी मी खोलीला कुलूप लावून लवकर गेले, सोमवारी आले तर चिठ्ठी नव्हती. मग मी हात नाही लावला. मावशी, त्यामुळे काही घोटाळा झाला का? सासूबाईंनी काल काकांच्या छोट्या वहीतूनच वाचलं.”

“काका तुला काय म्हणतात?”

“अगं-तुगं करतात. बाळ म्हणतात.”

तळघराच्या दाराशी भिंतीत एक लांब खिळा होता आणि त्याला चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या. मावशींनी चष्मा पुसून वाचल्या. ‘दिवा बदल.’ ‘शुक्रवारच्या पूस.’ ‘खालची रांग भिंतीपासून हलव.’

“किती वर्षं चालू आहे हे?” त्यांनी विचारलं.

“तीस,” काका म्हणाले. “अण्णा गुडघ्यांमुळे वर येत नाही, मी कमरेमुळे खाली जात नाही. मी खिळ्याला लावतो, तो दिवसातून एकदा कसाबसा या दारापर्यंत येऊन वाचतो.”

अण्णा, तळघराचे कोठीवाले, बुटके आणि रुंद होते. बोलणं इतकं कमी की पेढीवर त्यांना कुलूप म्हणत. त्यांच्या खोलीत एक खाट, बूच बसवायचं हातयंत्र, सीलच्या टोप्यांचा डबा आणि फळीवर काचेचे रुंद सुरईसारखे कुंजे पालथे घातलेले.

डॉक्टरांनी मान वर केली. “एखादा खाली उतरवून देऊ का मावशी, बघायला?”

“नको, इथूनच मोजते. सहा आहेत. अण्णा, हे कशाला लागतात?”

“बाटलीतली वाइन यात उतरवायला. तरुण असली की तास-दोन तास हवा लागते.”

“काल लागले होते का?”

“नाही.”

“मग आजच धुतलेत?”

“धूळ होती.” अण्णांनी यंत्राचा दांडा उगाच पुसला. मावशी वळल्या तेव्हा ते मागून म्हणाले, “बाई, तुम्ही त्यांच्याशी बोललात ना. डोकं ठीक वाटलं का? विसरतात का हो फार?”

“जिभेबद्दल नाही विचारलंत.”

“जिभेला काय धाड भरलीय,” अण्णा म्हणाले आणि पुन्हा कुलूप झाले.

जिना चढताना डॉक्टर धापा टाकत म्हणाले, “जावई. शंभर टक्के जावई. फायदा त्याचाच.”

“फायदा त्याचा आहे खरा. पण त्याने बढाई मारताना आपल्याला सगळ्यांत मोठा पुरावा दिला. ज्याला लपवायचंय तो असली बढाई मारील का?”

पाच वाजता सगळे पांढऱ्या टेबलाभोवती बसले. अण्णांना वर आणायला जावई आणि डॉक्टर दोघं लागले. किल्ल्यांचा जुडगा काकांनी स्वतःच टेबलावर ठेवला होता आणि त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

“आधी बूच,” मावशी म्हणाल्या. “जावईबापू, चारपैकी एक उघडा.”

बूच सहज निघालं. मावशींनी ते पांढऱ्या टेबलावर आडवं ठेवलं. “डॉक्टर, दाढ तपासता तसं तपासा.”

डॉक्टर वाकले. “या टोकाला जांभळा डाग. आणि... या टोकालाही. पेचाचं भोकही दोन्ही टोकांना.”

“आडव्या बाटलीत बुचाचं आतलं टोक वाइनमध्ये भिजतं. बाहेरचं कोरं राहतं. दोन्ही टोकं रंगली म्हणजे हे बूच एकदा काढून उलटं बसवलंय. म्हणून ते लोण्यासारखं निघतं. सील नवं आहे. बाटली तीच, वाइनही तीच. काकांनी सकाळी मला वास सांगितला, कापून ठेवलेल्या फळाचा. माझ्या ताटलीतलं सफरचंद त्यांच्या बोलण्याबोलण्यात तांबूस पडलं. फळाला हवा लागते तशी हिला लागली, तास-दोन तास नाही, दोन दिवस. मालकीणबाई, तुमच्या चाखणाऱ्याने काल अगदी बरोबर सांगितलं. दोन दिवस उघडी पडलेली वाइन थकलेलीच असते.”

मालकीणबाईंनी काकांकडे बघितलं. काका बुचाकडे बघत होते.

“हे कुणी केलं?” मालकीणबाईंनी विचारलं.

“रुंद कुंजे, बुचाचं यंत्र, टोप्या. तिन्ही एकाच खोलीत.”

“अण्णा?” काका म्हणाले. “तू?”

अण्णांनी खिशावर हात ठेवला.

“ते बोलणार नाहीत,” मावशी म्हणाल्या. “तुमच्यासाठीच बोलत नाहीयेत. काका, शनिवारी सूनबाईची खोली बंद होती. चिठ्ठी कुठे ठेवलीत?”

“चिठ्ठी?” काकांनी आठवायला वेळ घेतला. “खिळ्याला टोचली. म्हटलं, येता-जाता तिला दिसेल.”

“काय लिहिलं होतं?”

“मागच्या सोमवारी सहा वाइन चाखल्या होत्या, त्यांच्या सहा नोंदी. तेच लिहिलं. ‘सोमवारच्या सहा उतरवून ठेव.’”

मालकीणबाई सूनबाईकडे वळल्या. मग डॉक्टर म्हणाले, “मला वाटलं असतं, फळीवरून खाली काढायच्या.”

“तुम्हाला फळी दिसते. सूनबाईला वही दिसते, ती नोंदी उतरवते. पण तीस वर्षं त्या खिळ्यावरची चिठ्ठी एकाच माणसाने वाचलीय. नाव लिहायची कधी गरजच पडली नाही. आणि काका दोघांनाही ‘ठेव’च म्हणतात. अण्णांनी वाचलं, सोमवारसाठीच्या सहा बाटल्या कुंज्यांत उतरवून ठेव. वाइनच्या पेढीवर याचा दुसरा अर्थ होतच नाही. बरोबर, अण्णा?”

अण्णांनी खिशातून चौघडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. बोलले तेव्हा एकदम बोलले.

“शनिवारी वाचली. म्हटलं, दोन दिवस आधी कशाला? पण हा सांगतोय म्हणजे काहीतरी असेल. उतरवल्या. सोमवारी सकाळी हा जिन्यावरून ओरडला, ‘सहाही सीलबंद वर पाठव, पाहुण्यासमोर फोडायच्यात.’ तेव्हा चिठ्ठी पुन्हा काढून वाचली. म्हटलं, याला आठवतच नाही आपण काय लिहिलं ते. दुसरी पेटी फोडावी तर मोहर, मालकीणबाई कारण विचारणार, चिठ्ठी बघणार. मग याचं डोकं गेलं असंच ठरलं असतं. परत भरल्या. वाटलं, चालून जाईल.”

“आणि काल माझी जीभ गेली असं ठरलं तेव्हा?” काका म्हणाले.

“जीभ गेली तर मानाने घरी बसवतात. डोकं गेलं तर पोरंसुद्धा हसतात. मी आपलं त्यातल्या त्यात बरं ते निवडलं.”

“गाढवा, मला विचारायचंस.”

“तू कधी विचारतोस मला काही? तीस वर्षं नुसत्या चिठ्ठ्या.”

सूनबाईला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला, पण जावईबापू मोकळेपणी हसले आणि मग मालकीणबाईही. हसता हसताच त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काकांपुढे सरकवला आणि जावयाला मोहर फोडून नवी पेटी आणायला पिटाळलं.

नव्या बाटलीचं बूच निघेना. जावईबापू लाल झाले, शेवटी गुडघ्यांत बाटली धरून त्यांनी ते ओढलं. पेल्यात शाईसारखा रंग उतरला. काकांनी पेला गोल फिरवला, नाक आत घातलं, घोट घेतला, गालांतून फिरवला आणि बादलीत थुंकले.

“बारा,” ते म्हणाले. “जास्तच, पण बारा म्हणा. निजवा सगळ्या.”

डॉक्टरांनी हौसेने घोट घेतला आणि त्यांचं तोंड असं आवळलं की पुढची पाच मिनिटं त्यांना काही बोलता आलं नाही. मावशींना ती शांतता फार आवडली.

मग काकांनी दुसरा पेला भरला आणि अण्णांपुढे धरला. “घे. कशी आहे ते सांग.”

“मी? मी कोठीवाला.”

“विचारतोय ना.”

अण्णांनी पेला दोन्ही हातांनी धरला. त्यांना थुंकायचं माहीत नव्हतं. गिळून टाकला घोट. डोळे मिटले, चेहरा आक्रसला आणि हळूहळू सैल झाला.

“आत्ता कुणाशी बोलत नाही,” ते म्हणाले. “पण मनाने चांगली आहे.”

काकांनी आपली छोटी वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढे सूनबाईच्या मोठ्या वहीतही ते तसंच गेलं, त्या वर्षीच्या बोर्दोच्या नावापुढे, चाखणाऱ्याच्या रकान्यात पहिल्यांदाच दोन सह्यांनिशी.