ताईच्या आवाजातली ओल

मुखडा

छोटीचं काम थुंकी पुसण्याचं. लोक तिला ध्वनिसंयोजक म्हणत, घरी ताई म्हणायची, "आमची छोटी आवाजांची धुणीभांडी करते." गायकाच्या तोंडात जे जे चिकट वाजतं ते सगळं, म्हणजे ओठ सुटतानाची टिचकी, टाळूवरून जीभ उचलतानाचा चट्ट आवाज, श्वासामागची शेंबडी घरघर, ती हेडफोन लावून एकेक करून खुडायची. हे काम करणाऱ्याला कुणासमोर बसून जेवता येत नाही. तिलाही येत नसे.

या खेपेला गाणी ताईचीच होती. संगीतपटाचा अल्बम, सोल ढंगाचा. म्हणजे गळ्यातून नव्हे, आतड्यापासून गायचं. ताईनं सगळी गाणी सुरेल गायली. संगीतकारानं ती ऐकली आणि नाक मुरडलं.

"गाता छान हो, पण इस्त्री केल्यासारखं. मांस कुठाय? उद्या दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो."

केस पिकेपर्यंत ताई कोरसमध्ये मागे उभी राहिली होती. संगीतकार गेल्यावर ती हळूच म्हणाली, "छोटे, बघ ना काहीतरी."

अंतरा

मांस हवंय?

छोटीनं धुणं उलटं केलं. पुसलेलं सगळं परत लावलं, टाकून दिलेल्या रेकॉर्डिंगमधलंही उचलून. ओळीआधी ओला श्वास, ओळीनंतर गिळणं. 

दुसऱ्या दिवशी संगीतकार ऐकता ऐकता उभाच राहिला. "हां! आता बाई समोर आली! ह्याच गाणार. संध्याकाळी गाणी पाठवून द्या."

शेवटचं एकदा तपासताना गिळणं वाढलेलं होतं. तिनं लावलं नव्हतं तिथेही. ओळ संपायची, वाद्यं थांबायची, तोंड मात्र चालूच. काहीतरी मऊ, सालासकट चघळत.

(कान थकलेत, छोटी स्वतःशी म्हणाली.)

तिनं ताईचा ट्रॅक बंद केला.

चघळणं थांबलं नाही. हळू झालं. कुणी ऐकतंय हे कळल्यासारखं.

पुन्हा मुखडा

ताई आली, हसत, बिस्किटांचा पुडा घेऊन. एक तोंडात टाकलं, वर पाणी प्याली.

छोटीला काहीच ऐकू आलं नाही. ना कुरकुर, ना घोट.

"ताई, घसा बरा आहे ना?"

"कोरड पडलीय गं जरा. कालपासून."

"आ कर."

ताईनं थट्टेनं आ वासला. आत सगळं स्वच्छ होतं. घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखं. कोरडं.

"ताई, ते लावलेले आवाज काढून टाकते मी. पहिल्यासारखं करते."

"हात तर लाव, तंगडं मोडीन!" ताई हसली, मग हसायची थांबली. "पहिल्यासारखं म्हणजे मागे उभं राहणं, छोटे. ते नकोय मला. पाठव."

छोटीनं पाठवलं.

ताईनं तिला जवळ ओढून गालाचा मुका घेतला. कागद घासल्यासारखं वाटलं. छोटीनं सवयीनं गाल पुसला. पुसायला काही नव्हतं.

काचेपलीकडच्या, गाण्याच्या रिकाम्या खोलीत माइकच्या जाळीवरून लाळेचा एक धागा लोंबत होता. लांबत, लांबत फरशीपर्यंत आला.

टेकायच्या आत तो सुर्रकन वर ओढला गेला.