स्वेन्बोर्गची एल्व्हिरा

"आईची दुलई कुठाय, बाबा? माझी धाकटी थंडीनं कुडकुडते रे, तिला घालीन म्हणते."

टोवेनं फोनवर हे विचारलं तेव्हा टेलिफोनच्या टपरीत उभ्या असलेल्या आन्सगारच्या मुठीत नाणी होती, आणि तो ती भराभर पेटीत सोडत होता; कारण दूरगावाहून फोन केला की पेटी नाणी अधाशासारखी गिळते आणि तो खणखणाट पलीकडे ऐकू जातो... लेकीला वाटायला हवं होतं की बाप स्वेन्बोर्गहून बोलतोय, दुसऱ्या बेटावरून, मधला समुद्र ओलांडून. प्रत्यक्षात बाप उभा होता त्याच कोपनहेगनच्या दक्षिण टोकाला, आमागरवर, बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानासमोर. सायकल काढली असती तर फोनवरचं बोलणं संपायच्या आत तो तिच्या दारात पोहोचला असता!

दुलई त्याच्याजवळ होती. पण ती आता कुणालाही देण्यासारखी राहिलेली नव्हती. का, ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. 'माझ्याकडेच आहे, पाठवतो पुढे कधीतरी' एवढं म्हटलं असतं तरी वेळ निभावली असती. पण खोट्याला सोकावलेली जीभ ती... तिला साधी वाट सुचतच नाही.

"एल्व्हिराला दिली," तो म्हणाला. "तिचे पाय फार गार पडतात."

वारा टपरीच्या काचा खडखडवत होता.

"आईच्या अंगावरची दुलई तू त्या बाईच्या अंगावर घातलीस," टोवे हळू आवाजात म्हणाली. "आता फोन करू नकोस, बाबा. खरंच नको करूस."

फोन बंद झाला. उरलेली नाणी पेटीनं खळकन परत दिली. आन्सगारनं ती उचलली नाहीत. रिसीव्हर कानाला धरून तो उभाच राहिला... जणू त्या निर्जीव काळ्या नळीतून अजूनही वात्सल्याचा एखादा चुकार थेंब ठिबकेल!

आता सांगून टाकतो. एल्व्हिरा नावाची बाई स्वेन्बोर्गात नव्हती. उभ्या डेन्मार्कात नव्हती. ती जन्माला आली त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, कोपनहेगनच्या नोरब्रो भागातल्या दोन खोल्यांच्या घरात, कॉफीच्या टेबलावर; आणि जन्मतःच ती साठीची होती, विधवा होती आणि पियानोच्या शिकवण्या घेत होती.

त्या दिवशी टोवे दोन लहान मुली आणि एक बॅग घेऊन बापाच्या दारात आली होती. नवऱ्यानं दुसरा संसार थाटला होता. थोडेच दिवस राहते, मग बघते कुठेतरी, असं ती म्हणत होती. आणि 'कुठेतरी' म्हणजे कुठेच नाही, हे दोघांनाही कळत होतं. आन्सगार ट्राम चालवून निवृत्त झालेला, बायको कार्ला आदल्याच वर्षी गेलेली. तू राहा, मी जातो, असं म्हटलं असतं तर मुलगी त्याच पावली उठून गेली असती; हट्ट आईचा घेतलेला. म्हणून त्यानं कपात बघत, कानापर्यंत लाल होत सांगितलं की मी सांगणारच होतो तुला... मी एका बाईकडे राहायला चाललोय. तो लाल झाला होता खोटं बोलण्याच्या लाजेनं. लेकीनं ते प्रेम समजलं. तिनं घर घेतलं, आणि घराबरोबर काळजात एक काटाही घेतला, की आईची माती सुकली नाही तोच बाप दुसरीकडे निघाला.

तो निघाला तो थेट आमागरच्या बागवसाहतीत, आणि तिथून दर रविवारी 'स्वेन्बोर्गहून' फोन करून लेकीला एल्व्हिराच्या सवयी सांगू लागला. शहरातल्या लोकांना तिथं बागेपुरती जागा मिळते; तसाच त्याचा आणि कार्लाचा जमिनीचा तुकडा होता, बटाट्याचा वाफा, करवंदाएवढ्या आंबट फळांची झुडपं, पांढरा झेंड्याचा खांब आणि उन्हाळ्यात बसायचं लाकडी घर. घर कसलं, खोकंच! भिंती एकेरी फळीच्या. वारा पश्चिमेच्या भिंतीतून आत यायचा, कपभर कॉफी प्यायचा आणि पूर्वेच्या भिंतीतून निघून जायचा. एकदा तर जाताना साखरदाणी घेऊन गेला. ती पुढे स्वीडनमध्ये सापडली म्हणतात.

या घरात हिवाळा काढायचा होता, आणि तोही कुणाला न कळता. कारण ऑक्टोबरात वसाहत बंद होते, नळ तोडतात आणि मार्चपर्यंत रात्रीच्या मुक्कामाला मनाई असते. वसाहतीचा अध्यक्ष प्रेबेन हा मोजपट्टी लावलेली काठी घेऊन कुंपणांची उंची तपासत हिंडणारा माणूस. त्याच्या नजरेतून एक डहाळी सुटत नसे, मग धुराची चिमणी काय सुटणार?

तरी आन्सगार कामाला लागला. थंडी अडवायला भिंतीत भरतात तो दुकानातला काचेचा कापूस त्याच्या पेन्शनीत बसणारा नव्हता. मग त्यानं टोवेची जुनी बाबागाडी काढली आणि किनाऱ्यावर वाहून येणारं समुद्रगवत त्यात भरून आणायला सुरुवात केली. त्याचे आजोबा बेटावरचे; ते भिंतीत हेच कोंबत. गवत बटाट्याच्या वाफ्यावर पसरायचं, पावसानं त्यातलं मीठ धुऊ द्यायचं, उलटंपालटं करून वाळवायचं. उंदीर त्याला तोंड लावत नाही आणि ते कुजतही नाही. आतल्या बाजूनं फळ्यांचा दुसरा थर, आणि मधल्या पोकळीत गवत. पाडलेल्या एका धुलाईघराच्या खिडक्या त्यानं ढकलगाडीवर आणल्या आणि जुन्या तावदानांच्या आत दुसरी तावदानं बसवली. जमिनीवर वर्तमानपत्रांचे थर अंथरले. पण गुडघ्यावर बसून तो जुन्या बातम्या वाचत राही, म्हणून जमिनीला भिंतींपेक्षा जास्त दिवस लागले. हातोडीखाली त्याचा अंगठा इतक्यांदा सापडला की शेवटी खिळाच त्याला चुकवू लागला.

आणि संध्याकाळी सगळं थांबलं, की दोन कप मांडायची जुनी सवय हाताशी येई... एक कप तो परत फळीवर ठेवी.

शेवटी उत्तरेची भिंत राहिली, पलंगाच्या कडेची. नेमकं तेव्हाच शरदातलं वादळ झालं आणि किनाऱ्यावरचं सगळं गवत समुद्रानं परत नेलं. पहिलं हिमाचं कवच पिंपातल्या पाण्यावर धरलं. घरात आता भिंतीत घालण्याजोगी एकच वस्तू होती, कार्लाची दुलई.

नोरब्रोहून निघताना त्यानं स्वतःच्या दुलईत गुंडाळून ती आणली होती. डेन्मार्कात नवराबायकोचा पलंग एक असला तरी दुलया दोन, ज्याची त्याला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं कार्लाच्या दुलईचं टोकही कधी आपल्याकडे ओढलं नव्हतं. आता ती गेली म्हणून ओढायचं? थंडीनं दात वाजत असतानाही त्याला ती पांघरवली नाही. आणि टाकवलीही नाही. मग त्यानं ती पिसांची, निळ्या रेघांची, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं 'का' अक्षर भरलेली दुलई उत्तरेच्या भिंतीत घातली, ज्या बाजूला कार्ला निजायची त्या बाजूला. आणि फळ्या ठोकताना पहिल्यांदाच त्याचा अंगठा वाचला.

त्यानंतर आठवड्याभरातच टोवेनं दुलई मागितली, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

तो हिवाळा... काय सांगावं! पाणी दफनभूमीच्या नळावरून बादलीनं आणायचं, शेगडी अंधार पडल्यावरच पेटवायची. वसाहतीतली बाकीची घरं बंद दारांची, बर्फाच्या टोप्या घातलेली, आणि त्यांच्यात एकटा श्वास घेणारा हा. नाताळच्या संध्याकाळी त्यानं सणाच्या रीतीप्रमाणे बटाटे साखरेत परतले आणि ते कढईतच राहिले. दर रविवारी सवयीनं तो टपरीपर्यंत जाई, नाणी मुठीत घट्ट धरी आणि परत येई. भिंत मात्र उबदार होती. तिला पाठ टेकून बसलं की त्याला त्या लेकीचा राग आठवे आणि वाटे, बरोबरच आहे तिचं. आईसाठी इतकं रागावणारी मुलगी कार्लानं घडवली, हे काय थोडं आहे?

फेब्रुवारीत टोवेचा वाढदिवस आला. ती जन्मली तेव्हापासून दर वर्षी या दिवशी, वसाहत बंद असली तरी, आन्सगार इथं येऊन तिथल्या रिवाजाप्रमाणे देशाचा झेंडा चढवत असे आणि सूर्य मावळायच्या आत उतरवत असे. यंदा धोका होता. उघड्या माळावर लाल-पांढरा झेंडा म्हणजे 'मी इथं राहतो' असं ओरडून सांगणंच. पण सगळं सोडलं तरी हे कसं सोडायचं? त्यानं दोर ओढला. झेंडा निम्म्यावर गेला आणि वरच्या चाकात बर्फ धरलेला, तो तिथंच अडकला. वर जाईना, खाली येईना. त्यानं अंगाचा भार देऊन हिसका मारला, पाय घसरला, घोटा मुरगळला. कसाबसा सरपटत तो आत आला आणि पलंगावर पडून खिडकीतून बघत राहिला... लेकीच्या वाढदिवशी अर्ध्यावरचा झेंडा, मयताचा! आपल्या हातानं आपण तिच्यावर केवढं अशुभ ओढवलं, या विचारानं त्या म्हाताऱ्याचं अंतःकरण विदीर्ण झालं.

तो झेंडा प्रेबेननं रस्त्यावरून पाहिला. आता खरी गोष्ट अशी, की प्रेबेनला ऑक्टोबरपासूनच सगळं ठाऊक होतं; पण काठीवर धूर मोजायची पट्टी नाही, असं त्यानं स्वतःच्या मनाची समजूत घालून ठेवलं होतं. अर्ध्यावरचा झेंडा बघून त्याला घाम फुटला. मेलेला माणूस स्वतःसाठी झेंडा कसा चढवील, हे त्याच्या डोक्यात आलं. पण आन्सगार एवढा टापटिपीचा, जाण्याआधी तेवढं उरकूनच गेला असेल! दार उघडायचा धीर त्याला होईना. त्यानं टोवेला फोन केला. माझे वडील स्वेन्बोर्गला असतात, ती म्हणाली. नाही गं, तो म्हणाला, इथंच असतो तो, एकटाच, झोपडीत.

मुलींना शेजारणीकडे सोडून ती आली. कोट उघडाच, केसांत बर्फ. दार ढकललं तेव्हा आन्सगार पाय खोक्यावर ठेवून पडलेला होता, आणि तिला बघताच पहिलं वाक्य त्याच्या तोंडून आलं ते हे:

"झेंडा मुद्दाम नाही गं तसा ठेवला. दोर गोठला."

ती दाराला धरून उभी राहिली. श्वास आवरायला तिला वेळ लागला. मग तिनं खोलीभर नजर फिरवली. मांडलेला कप एक, बशी एक. दाराजवळ बुटांचा जोड एक.

"ती कुठाय?"

"कोण?"

"एल्व्हिरा."

"ती..." म्हाताऱ्यानं खिडकीकडे बघितलं. "शिकवणीला गेलीय."

टोवे पलंगाच्या कडेला बसली. थंडीनं एक फळी वाकली होती, आणि फटीतून निळ्या रेघांचं कापड बाहेर डोकावत होतं, लाल दोऱ्याच्या अक्षरासकट. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"एल्व्हिरा कॉफीत चिमूटभर मीठ टाकते म्हणाला होतास."

"हो."

"हेरिंग मासे तळताना बेसूर गुणगुणते."

"हो."

"वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचते. पाय माशासारखे गार." तिचा आवाज फुटला. "बाबा, ही तर आई आहे."

आन्सगारनं भिंतीकडे तोंड केलं.

"दुसरी बाई मला बनवताच येईना गं," तो म्हणाला.

मग त्या खोक्याएवढ्या घरात जे अश्रू वाहिले, त्यांनी बटाट्याचा वाफा भिजला असता! तिनं त्याचा सुजलेला पाय मांडीवर घेतला, आणि रडता रडताच त्याला फैलावर घेतलं.

"मी तुला काय काय बोलले. आणि तू ऐकून घेत होतास. एकदा तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू घरात राहिली असतीस?"

"नसते राहिले."

"मग?"

"मग काय मग! मला घर हवं होतं, पण बाप काय भंगारात काढायचा होता? ऊठ. तू समोरच्या खोलीत झोपशील, मुली माझ्याजवळ. गर्दी झाली तर झाली."

"मी घोरतो."

"आई सांगायची. ऊठ."

बाहेर सूर्य कलला होता. आधी झेंडा, तो म्हणाला. असा सोडून मी कुठंही येणार नाही. ती दोर धरून लोंबकळली, तो एका पायावर उभा राहून तिच्यामागे ओढू लागला, आणि कुंपणाआडून प्रेबेनही आला आणि काहीही न विचारता दोराला लागला. वर चाकात काहीतरी कडाडलं, बर्फाची खपली तिघांच्या डोक्यावर पडली आणि झेंडा सळसळत टोकाला गेला. जेमतेम घटकाभर तो तिथं फडकला. मग नियमाप्रमाणे उतरवावा लागला. मुक्कामाला मनाई आहे, घेऊन जा याला, प्रेबेन टोवेला म्हणाला. आणि वसंतात कुंपण कापायला सांग.

जाण्याआधी टोवे फळी उचकटून दुलई काढू लागली, तर आन्सगारनं तिचा हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "ती बाजू तिची आहे."

तो गेला आणि घर बंद झालं. शेगडी विझली, चिमणीवर बर्फ साठला. पण प्रेबेन शपथेवर सांगतो, आणि काठी हातात घेऊन तो खोटं बोलत नाही, की त्या हिवाळ्यात सगळ्या वसाहतीत त्या एकाच घराच्या उत्तरेच्या भिंतीवर बर्फ टिकत नव्हता. आत कोण आहे, असं त्यानं आन्सगारला विचारलं. स्वेन्बोर्गची पाहुणी, आन्सगार म्हणाला. थोडे दिवस राहील.

रविवारी मात्र तो एकटाच सायकलवरून येतो. नातींना आणत नाही, टोवेलाही नाही. कॉफीत चिमूटभर मीठ टाकतो, भिंतीला पाठ टेकून बसतो, आणि सूर्य मावळायच्या आत निघून जातो.